खोडून काढणारी माणसं

"डॅश डॅश डॅश डॅश प्लस. व्हर्टिकल बार. स्पेस. स्पेस. व्हर्टिकल बार. प्लस डॅश डॅश डॅश."

बदलापुरात, मांजर्लीच्या आमच्या घरात दिवेलागणीला हे सुरू व्हायचं. आई देवापुढे उदबत्ती ओवाळत असायची आणि आतल्या खोलीतून तो नाकात बोलणारा इंग्रजी आवाज डॅश डॅश करत राहायचा. शेजारणीने एकदा खिडकीतून विचारलं, "तुमचा मुलगा जप करतो का हो?" आईने हो म्हणून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

जप नव्हता तो, चित्र होतं. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसाने कीबोर्डवरच्या आडव्या-उभ्या रेघा जोडून दोन चौकटी काढल्या होत्या, त्यांच्यामध्ये एक बाण काढला होता आणि ते ईमेलने पाठवलं होतं. डोळस माणसाला असं चित्र एका नजरेत कळतं. माझ्या दादाला ते एकेक चिन्ह करून ऐकावं लागायचं, कारण दादा आंधळा होता आणि संगणकावर जे उमटेल ते एक बोलकी पेटी त्याला वाचून दाखवायची. पेटीला चौकट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला फक्त डॅश माहीत होता.

चित्र पाठवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या इतरांनाही नव्हतं. आणि दादाला ते तसंच राहायला हवं होतं. जगात एक तरी जागा अशी असावी जिथे त्याचे डोळे कोणी मध्ये आणणार नाही, एवढंच त्याचं मागणं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला काही काळ ते पुरं झालं. ते कसं संपलं ते मी सांगणार आहे, आणि सांगताना मला राग आला तर येऊ दे.

दादा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात होता. ऐंशीच्या दशकात तिथे संगणक आला. थंडगार खोली, बाहेर चपला काढायच्या, आत शिरताना साहेबसुद्धा देवळात आल्यासारखे आवाज खाली आणायचे. दादाला कंपनीने तो शिकायला पाठवलं आणि तो त्यात असा रमला की घरी जेवतानाही आम्हाला प्रोग्राम समजावून सांगायचा. एकदा संगणकातले आकडे आणि प्लांटवरचे आकडे जुळेनात, म्हणून तो स्वतः मीटर बघायला खाली गेला. पाइपाचा जोड सुटला. आत कातडी जाळणारं कॉस्टिक होतं. पुढचं मी लिहीत नाही. डोळ्यांवर चष्मा लावायचा नियम भिंतीवर लिहिलेला होता आणि चष्मे कपाटात कुलूपबंद होते, एवढंच लिहिते.

डोळे गेले त्याहून वाईट पुढे झालं, असं दादा म्हणायचा. लोक त्याच्याशी सहमत व्हायला लागले.

आधी तो पक्का भांडकुदळ. मामाशी क्रिकेटवरून, माझ्याशी कशावरूनही. वडील लवकर गेले, पण ते होते तेव्हा त्यांच्याशी सुद्धा. अपघातानंतर मामा त्याच्या प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे तुझं" म्हणू लागला. दादाने मुद्दाम काहीतरी अचरट बोलून पाहिलं, तरी बरोबरच. रिक्षावाला मला विचारायचा, "यांना कुठे सोडायचं?" डॉक्टर मला विचारायचे, "यांना झोप लागते का?" मी म्हणायचे, त्यांना कान आहेत, त्यांनाच विचारा. मग माझ्याकडेही लोक दयेने बघायचे.

एकदा मामा-मामी बदलापूर गावातून भेटायला आले. दादाने हट्टाने चहा केला. ओट्यावरचे डबे कोणीतरी पुसून उलटसुलट ठेवले होते, त्यामुळे साखरेच्या जागी मीठ पडलं. मामाने घोट घेतला आणि "वा, छान झालाय" म्हणाला. मामीने मान डोलावली. मी माझा घोट मोरीत थुंकून आले आणि तोंड उघडणार तोच आईने डोळे वटारले. दादा सर्वांत शेवटी कप घेऊन बसला. एक घोट घेतला, थांबला, आणि मग तो पूर्ण कप शांतपणे प्यायला. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "चुकलं तर तोंडावर सांगा. माझ्यामागून पुसत फिरू नका." आई रडायला लागली. मग त्यालाच तिची समजूत घालावी लागली.

तशी बरीच वर्षं गेली. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होते. खाली जीन्स शिवण्याचे कारखाने, वर आमचा क्लास, आणि खालच्या मशीनांनी आमची टेबलं दिवसभर थरथरायची. मालक वयस्कर सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी क्लासमधला एक जुना संगणक आम्हाला घरी नेऊ दिला. बोलकी पेटी मुंबईतल्या अंधांच्या एका संस्थेतून मिळाली. कोणी परदेशी पाहुणा ती तिथे देऊन गेला होता आणि जोडायला संगणकच नसल्यामुळे ती कपाटावर पडून होती.

ज्यांची आतली लिखावट उघडी असते असे प्रोग्राम तेव्हा नुकतेच आमच्यापर्यंत पोचू लागले होते. म्हणजे कोणीही उघडावं, वाचावं, सुधारावं आणि सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं. दादा ईमेल वाचायला असाच एक प्रोग्राम वापरत होता. त्याला त्यात एक चूक सापडली. ती त्याने दुरुस्त केली आणि तो बनवणाऱ्या मंडळींना पाठवली. त्यांनी ती घेतली, आणि दादा त्यांच्यात गेला.

ही मंडळी एकमेकांना कधीच भेटत नसत. सगळा कारभार एका सामाईक टपालावर. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. आमच्या घरी फोन नव्हता, नंबर लागायची वाट बघत होतो. म्हणून मी सकाळी क्लासमध्ये टपाल उतरवून घ्यायचे, फ्लॉपीवर भरायचे आणि संध्याकाळी बदलापूरला आणायचे. दादा ऐकायचा, उत्तरं लिहायचा, ती मी दुसऱ्या दिवशी पाठवायचे. एकदा पर्सच्या चुंबकाच्या बटणामुळे फ्लॉपी कोरी झाली, तेव्हापासून ती मी डब्याच्या पिशवीत ठेवायला लागले. दादाचं उत्तर नेहमी एक दिवस उशिरा जायचं. तिकडे त्यांचा समज झाला की हा माणूस फार विचार करून बोलतो. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो.

प्रोग्रामची बांधणी कशी असावी यावर ती माणसं ज्या तऱ्हेने बोलायची ते पाहून मी हबकलेच होते. सर नाही, साहेब नाही, नमस्कार नाही. समोरच्याची एकेक ओळ उतरवायची, तिच्याआधी एक खूण करायची आणि खाली लिहायचं, "हे चुकीचं आहे, कारण." मग तो उलट लिहायचा, जुन्या ओळींना आणखी एक खूण लागायची. पेटी ती खूण "ग्रेटर दॅन" अशी वाचायची. ग्रेटर दॅन ग्रेटर दॅन ग्रेटर दॅन असं ऐकू आलं की समजायचं, भांडण जुनं आहे.

"काय उद्धट माणसं आहेत रे," मी पहिल्यांदा म्हटलं. "तुझं अख्खं खोडून काढलंय."

दादा खूश होता. "अगं, ओळीन् ओळ खोडलीये म्हणजे ओळीन् ओळ वाचलीये. मला सांग, आपल्या घरात माझं एवढं कोण ऐकतं?"

तो ते भांडण परत पहिल्यापासून ऐकायला बसला आणि त्याचा चेहरा अपघाताआधी असायचा तसा झाला होता.

अडचण फक्त चित्रांची होती. त्यांच्यात अमेरिकेतला एक जण होता, त्याला चौकटी काढल्याशिवाय बोलताच यायचं नाही. आम्ही त्याचं नावच चौकटवाला ठेवलं. त्याचं चित्र आलं की मी आईच्या पाटावर काडेपेट्या मांडायचे. एक काडेपेटी म्हणजे प्रोग्रामचा एक भाग. त्यांच्यामध्ये लोकर, म्हणजे इथला मजकूर तिकडे जातो. दादा बोटं फिरवायचा आणि चित्र डोक्यात बसलं की हात झाडून उत्तर लिहायला घ्यायचा.

"बाय, माझी काडीपेटी कुठं गेली गं?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "स्टो पेटवायचाय मला."

"आई, हात नको लावूस. तो टपाल साठवायचा भाग आहे."

"माझा सैपाक राहिलाय आन् तुमचा पोरखेळ."

हे दिवस चांगले होते. मी ते चांगले होते असं स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं लिहिताना तेवढा एकच आधार आहे.

मग चौकटवाल्याने एक मोठा प्रस्ताव मांडला. तो प्रोग्राम टपाल दोन तऱ्हांनी दाखवायचा. एक नवी तऱ्हा, पडदाभर रंगीत पट्ट्या, कोपऱ्यात यादी, मध्ये मजकूर. दुसरी जुनी, एकाखाली एक साध्या ओळी. चौकटवाल्याचं म्हणणं, जुनी तऱ्हा काढून टाकू, म्हणजे आतली निम्मी गुंतागुंत जाईल. आता गंमत अशी की पेटीला फक्त ती जुनी तऱ्हा वाचता यायची. पट्ट्यांचा पडदा आला की ती यादीतलं नाव, तारीख आणि मजकुराची अर्धी ओळ एकात एक कालवून बडबडायची, त्याला काही अर्थच नसायचा. जुनी तऱ्हा गेली तर दादा स्वतः ज्याच्यावर राबला होता तो प्रोग्राम त्यालाच वाचता येणार नव्हता. म्हणजे टपाल बंद, म्हणजे ती माणसं बंद.

मी पाटावर नवी मांडणी केली. दादाने बोटं फिरवली आणि बराच वेळ फिरवत राहिला.

"सुंदर आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. मी त्यात बसत नाही."

त्याने आंधळेपणाचा शब्दही न काढता भांडायचं ठरवलं. त्याची उलट मांडणी अशी होती की मजकूर तयार करणारा भाग वेगळा ठेवा आणि तो पडद्यावर रंगवणारा भाग वेगळा. मग रंगवणारे दोन असोत की चार, आतल्याला त्रास नाही. युक्तिवाद चोख होता. मी बाजू घेते म्हणून नाही, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनीही तसं लिहिलं. चौकटवाल्याने ओळीन् ओळ खोडली. दादाने त्याची खोडली. ग्रेटर दॅनची रांग एवढी लांबली की पेटीला मजकुरापर्यंत पोचायला वेळ लागायचा. दादा रोज संध्याकाळी माझ्या चपलांचा आवाज ऐकला की दारातच हात पुढे करायचा, फ्लॉपी दे.

शेवटी त्या प्रोग्रामचा जो मुख्य होता, युरोपातला कोणी, त्याने मध्ये पडून लिहिलं. दोन्ही बाजू कळल्या. प्रश्न एवढाच आहे की जुनी तऱ्हा आज कोण वापरतं? कोणी असेल तर त्याने आठवडाभरात सांगावं. कोणी बोललं नाही तर सगळ्यांची संमती धरू.

हा त्यांचा नेहमीचा रिवाज होता. इतक्या देशांतून हात वर करून मोजणार कोण? म्हणून जो गप्प बसला त्याचा होकार. दादा स्वतः या रिवाजाचं फार कौतुक करायचा. म्हणायचा, इथे नाराज माणसाला बोलावंच लागतं, कोपऱ्यात तोंड फुगवून बसायची सोय नाही.

पावसाचे दिवस होते. उल्हास नदीचं पाणी आमच्या दारातल्या ओट्यापर्यंत येऊन गेलं होतं, संगणक आम्ही पलंगावर चढवला होता आणि दादा त्याच्या शेजारी मांडी घालून बसला होता. घरभर ओल्या भिंतींचा वास. मी सुचवलं, अंधांच्या त्या संस्थेतल्या मुलांबद्दल लिही. तिथे संगणक आणि पेट्या आल्यावर तूच तर त्यांना हा प्रोग्राम लावून दिलास. त्यांना लागते ही तऱ्हा असं सांग, स्वतःचं नको सांगू.

"ते विचारतील, तुला कसं माहीत त्यांना नेमकं काय ऐकू येतं? मग काय थाप मारू?"

"मग मी लिहिते. माझ्या नावाने."

"तू कोण? एक ओळ तरी लिहिलीयेस त्यांच्यासाठी?" हे तो रागाने नाही बोलला. तिथला तसाच कायदा होता.

"मग गप्प बस. दुसरा प्रोग्राम शोधू."

"आणि ती संस्थेतली पोरं? त्यांना यातलं काहीच कळणार नाही. एक दिवस नवी आवृत्ती येईल आणि त्यांचं टपाल मुकं होईल." त्याने पेटीवर हात ठेवला. "वापरणारा कोण आहे विचारलंय ना. मी आहे."

त्याने लिहिलं ते एवढंच होतं. जुनी तऱ्हा मी वापरतो. मला दिसत नाही, एक यंत्र मला वाचून दाखवतं. माझ्यासारखे आणखी आहेत, ते इथे बोलायला येऊ शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी फ्लॉपी हातात धरून बसून राहिले. काकांनी विचारलं, "क्या हुआ बेटी, मुँह क्यों उतरा है?" मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"मत भेज," ते म्हणाले. "हम लोग बँटवारे में उधर से आके इस कैम्प में रहे ना, तो सब बोलते थे, बेचारे. रोटी देते थे, कपड़ा देते थे. पर कोई हमसे भाव नहीं करता था. जो बोलो वो दे देते थे. मेरा बाप घर आके रोता था. बोलता था, जिस दिन कोई मेरे से झगड़ा करके दो पैसा कम करवाएगा ना, उस दिन मैं दुकानदार."

"दादा ने बोला है भेजने को, काका."

"तो भेज. उसका माल है." ते उठून गेले. मी पाठवलं.

उत्तरांनी फ्लॉपी भरली. मी धावतच घरी आले, कारण क्लासमध्येच वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. जुनी तऱ्हा राहणार, मुख्याने लिहिलं होतं, आणि दादाच्याच मांडणीने राहणार. आम्हाला कल्पना नव्हती. तुझ्या धैर्याला सलाम. चौकटवाल्याने तर भलंमोठं पत्र लिहिलं होतं. मी इतकी चित्रं काढून तुझा किती छळ केला, मला क्षमा कर, यापुढे एकही चौकट काढणार नाही. एकाने लिहिलं होतं, तुझ्याकडे पाहून आम्हाला आमच्या तक्रारींची लाज वाटते.

दादाने सगळं ऐकलं. मी आईला हाक मारून सांगितलं, आई, दादा जिंकला. आईने गूळ आणून त्याच्या तोंडात घातला. तो चघळत राहिला. मग म्हणाला, "माझ्या मांडणीत एक कच्चा दुवा होता. चौकटवाला तिथे यायच्या बेतात होता. मी उत्तर तयार ठेवलं होतं."

"मग आता काय झालं? जिंकलास ना?"

"त्याने विचारलंच नाही गं."

काडेपेट्या स्वयंपाकघरात परत गेल्या. चित्रं खरोखरच थांबली. चौकटवाला आता सगळं शब्दांत लिहायचा, सावकाश, सोपं करून, लहान मुलाला समजवावं तसं. दादाने काही सुचवलं की उत्तरं यायची, छान, आभारी आहोत, तू आमच्यात आहेस हे आमचं भाग्य. त्याच्या ओळी कोणी उतरवून घेईना, खाली "कारण" असा शब्द कोणी लिहीना. इतर लोक आपापसात पूर्वीसारखेच कडाकडा भांडायचे. पेटी त्यांचं ग्रेटर दॅन ग्रेटर दॅन वाचत राहायची आणि दादाचं पत्र मध्येच आलं की तेवढ्यापुरते सगळे सभ्य व्हायचे. मला आधी वाटलं, हा उगाच मनाला लावून घेतोय. दोन शब्द चांगले बोलतात तर बोलू दे की. तसं मी त्याला सुनावलंही.

"ठीक आहे," तो म्हणाला, "बघू."

त्याने एक प्रस्ताव लिहिला. आलेलं टपाल साठवायची नवी पद्धत. मजकूर मी वाचला आणि मध्येच थांबले. त्यात म्हटलं होतं, आधी जुनं सगळं पुसून टाकायचं आणि मग त्या जागी नवं लिहायचं.

"दादा, अरे पुसल्यावर आणि लिहायच्या आधी लाइट गेली तर?"

"तर सगळं टपाल गेलं."

"मग?"

"तुला कळलं ना? बदलापुरात राहतेस म्हणून कळलं." तो हसला नाही. "त्यांनाही कळायला हवं. त्यांच्यातल्या नवशिक्याला कळेल. पाठव."

मी पाठवलं, आणि सांगते, इतक्या आशेने मी कधी कुठल्या पत्राची वाट पाहिली नाही. कोणीतरी त्याला मूर्ख म्हणावं. कोणीतरी लिहावं, काय लिहिलंयस हे, झोपेत होतास का. मी क्लासमध्ये मुलांना शिकवताना मध्येच उठून टपाल उतरवायचे.

मुख्याने लिहिलं, उत्तम विचार, घेऊ या. चौकटवाल्याने लिहिलं, नेहमीसारखंच नीटनेटकं काम. आणखी कोणी काहीच लिहिलं नाही, म्हणजे त्यांची संमती.

मी ते घरी वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, निदान ती माणसं बेसावध आहेत, कामात आहेत, न वाचताच हो म्हणतायत. त्यातल्या त्यात ते बरं. दादाही तसंच म्हणाला. नवी आवृत्ती निघायच्या आत आपण स्वतःच चूक कबूल करून टाकू, नाहीतर कोणाचं तरी टपाल जाईल. तो पत्र लिहायला बसणार होता. पण त्याआधी नवी आवृत्तीच आली.

मी ती उतरवून आणली. दादाने पेटीला त्याचा भाग वाचायला लावला. वर त्याचं नाव होतं, आभार होते. मग लिखावट सुरू झाली. पेटी एकेक ओळ वाचत गेली आणि दादाचं बोट हवेत थांबलं. त्याने ती ओळ परत वाचायला लावली. मग परत.

क्रम उलटा होता. आधी नवं दुसरीकडे लिहायचं, ते नीट लिहिलं गेलं याची खात्री करायची, मगच जुनं पुसायचं. अगदी जसं हवं तसं. कोणीतरी चूक ओळखली होती, कोणीतरी नीट केली होती, आणि अख्ख्या टपालात त्याबद्दल एक शब्द नव्हता. बाकीच्यांनीही ती बदललेली ओळ पाहिली असणार, कारण एकमेकांचं काम वाचल्याशिवाय ते काहीही आत घेत नसत.

मी एवढी भडकले की माझा आवाज चिरकला. "मी लिहिते त्यांना. आत्ता लिहिते. कोण समजतात हे स्वतःला?"

"काय लिहिणार?" दादा म्हणाला. "माझ्याशी चांगले वागू नका, असं?"

मी रडायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली आणि काय झालं, काय झालं विचारू लागली. दादाने चाचपडत पेटीचं बटण शोधलं आणि ती बंद केली.

"काही नाही गं आई," तो म्हणाला. "मीठ पडलं होतं चहात. प्यायले सगळे."

आईला कळलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर दादाने तिथे एकही ओळ लिहिली नाही. मी काही दिवस फ्लॉपी आणत राहिले, मग त्यानेच नको म्हटलं. मी क्लासमध्ये मात्र ते टपाल बरेच दिवस उघडून वाचायचे. सुरुवातीला एक-दोघांनी विचारलं, बरा आहेस ना? मग ते विचारणंही थांबलं. प्रस्ताव येत राहिले, भांडणं होत राहिली, मुख्य नेहमीसारखं लिहायचा की आठवडाभरात कोणी बोललं नाही तर संमती धरू. दादा इकडे मांजर्लीत पलंगावर भिंतीला टेकून बसलेला असायचा, आणि तिकडे जे जे ठरत गेलं त्या प्रत्येकात त्याचा होकार धरला जायचा.